ओढ्याचं नाव इतिवृत्तात आलं पाहिजे

नमस्कार श्रोतेहो.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं कधी गेला असाल, तर मनसर मागे पडल्यावर सागाचं जंगल दाटत जातं, आणि मध्येच रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच पडदे लागतात. गाडीतल्या माणसाला वाटतं, जंगल संपलं. खरं तर तेव्हा ते आपल्या चाकांखाली असतं. वरच्या गाड्यांचा आवाज आणि दिव्यांचा झोत खालच्या जनावरांपर्यंत पोचू नये म्हणून ते पडदे.

हा राष्ट्रीय महामार्ग ४४. कान्हा आणि पेंच या व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या जंगलातून तो जातो. चौपदरीकरणाच्या वेळी महाराष्ट्रातल्या टप्प्यात नऊ ठिकाणी जनावरांना खालून वाट ठेवली. त्यातली सगळ्यात मोठी ७५० मीटरची. हे सुखासुखी झालं नाही. काम वर्षानुवर्षं रखडलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि खड्ड्यांतून जाणारी माणसं वैतागून विचारायची, "वाघासाठी आमचे हाल कशाला?" त्यांचा राग मला समजतो. पण २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर भारतीय वन्यजीव संस्थेचे कॅमेरे त्या वाटांवर होते. त्यात १८ प्रकारचे वन्यप्राणी दिसले. ११ वाघ मिळून ८९ वेळा तिथून गेले. काँक्रीटच्या खांबाशेजारून निवांत चाललेला वाघ पाहिला, की ती रखडपट्टी वाया गेली असं मी तरी म्हणणार नाही.

एकदा डांबर पडलं की कोणी रस्ता उचलून देत नाही. जे मागायचं ते परवानगीआधी. वाघाच्या जंगलाला वन्यजीव मंडळ आणि व्याघ्र प्राधिकरणाचा आधार आहे. पण तुमच्या गावामागच्या डोंगराला, सड्याला म्हणजे कातळाच्या पठाराला, पाणथळीला कोण?

मी एका खाणीच्या जनसुनावणीला गेले होते, म्हणजे पर्यावरण परवानगीआधी लोकांचं म्हणणं ऐकायच्या सभेला. खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्याच्या अहवालात लिहिलं होतं, परिसरात विशेष वन्यजीव नाहीत. पाहणी उन्हाळ्यातली. अशा अहवालांसाठी बहुधा एकाच हंगामाची माहिती घेतात, तीही पावसाळा सोडून. आता कोकणातला सडा मे महिन्यात पाहिला तर काळा कातळच दिसणार. बेडूक, खेकडे, सड्यावरची फुलं, सगळं मृगानंतरचं. त्या दिवशी एक गुराखी आजोबा उठले आणि म्हणाले, "साहेब, पहिल्या पावसानंतर रात्री या, मी दाखवतो." मंडपात एकदम शांतता झाली.

केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिची सूचना निदान ३० दिवस आधी मराठी पेपरात यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. तो मागून घ्या. जनावरं कुठून उतरतात, कोणत्या महिन्यात, पाणी कुठे पितात, हे गावातल्या लोकांकडून लिहून घ्या. "आमचा विरोध आहे" एवढंच म्हणून खाली बसू नका. ओढ्याचं नाव सांगा, गट नंबर सांगा, लेखी निवेदन द्या आणि त्याची पोच घ्या.

आणि सभा संपताना इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं. तोवर बहुतेक मंडळी एसटी गाठायला निघालेली असतात. तुम्ही थांबा. तुमच्या ओढ्याचं नाव त्यात आलं का, ते कान देऊन ऐका. नसेल आलं, तर तिथंच उभं राहून घालायला लावा.

नमस्कार.