रक्तदात्यांमधला हिपॅटायटिस बी: विषाणूचे प्रकार आणि न उतरलेली सॅम्पल्स

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण रक्तपेढीत काम करतात, त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही. पिशवी वापरायला देण्याआधी आपल्याकडे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या सक्तीच्या आहेत. त्यातल्या बीसाठी आपण पाहतो ते एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या वेष्टणातलं प्रथिन. हे प्रथिन पहिल्यांदा सापडलं तेच रक्त घेणाऱ्याच्या सीरममुळे. वारंवार रक्त चढवलेल्या हिमोफिलियाच्या एका रुग्णाच्या सीरममधली अँटिबॉडी ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या सीरमशी जुळली. अमेरिकी शास्त्रज्ञ बरूक ब्लमबर्ग यांनी १९६५ मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपला आजचा प्रश्न मात्र वेगळा आहे: हे प्रथिन सगळ्या दात्यांमध्ये एकसारखं असतं का, आणि नसेल तर आपल्या टेस्टला ते कळतं का?

विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, अगदी छोटा आहे, सुमारे ३२०० अक्षरांचा. त्यात चार जीन एकमेकांवर चढवून बसवलेले आहेत. वेष्टणाचा एस जीन तर पूर्णपणे पॉलिमरेज या प्रत काढणाऱ्या एन्झाइमच्या जीनच्या पोटात आहे. एक अक्षर बदललं की कधी कधी दोन प्रथिनं बदलतात. असं असूनही बदल होतच राहतात, कारण हा डीएनए विषाणू असला तरी आपली प्रत आरएनएवरून उलट काढतो आणि त्या एन्झाइमला चुका तपासता येत नाहीत. संपूर्ण जीनोममध्ये साधारण ८ टक्के किंवा फक्त एस जीनमध्ये ४ टक्क्यांहून जास्त फरक असला, तर तो विषाणूचा वेगळा प्रकार, म्हणजे जीनोटाइप, धरतात. ए ते एच हे आठ सर्वमान्य. आय आणि जे नंतर सुचवले गेले.

भारतात सगळ्यात जास्त डी, त्याखालोखाल ए, आणि या ए मध्ये बहुतांश ए१ हा उपप्रकार. पूर्व आणि ईशान्य भारतात सी सुद्धा सापडतो. पश्चिम भारतात, म्हणजे आपल्या भागात, प्रामुख्याने डी आणि ए. म्हणून कोलकात्याचा तक्ता घेऊन नाशिकवर अनुमान काढू नये.

जीनोटाइपमुळे प्रत्यक्षात काय बदलतं, याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण जीनोममधल्या १८५८ आणि १८९६ या क्रमांकांच्या दोन जागांचं आहे. विषाणूच्या आरएनएला एक घडी पडते आणि त्या घडीत ही दोन अक्षरं समोरासमोर येतात. डी जीनोटाइपमध्ये १८५८ वर टी हे अक्षर असतं, ए जीनोटाइपमध्ये बहुधा सी. प्रथिनाच्या दृष्टीने फरक शून्य, दोन्हीकडे प्रोलिनच. पण १८९६ वरच्या जी या अक्षराचा ए झाला, तर टीजीजी या कोडॉनचा (एका अमिनो आम्लाच्या तीन अक्षरी खुणेचा) टीएजी होतो, म्हणजे तिथे पूर्णविराम. ई अँटिजेन, म्हणजे विषाणू जोरात वाढत असताना रक्तात दिसणारं प्रथिन, बनणं थांबतं. डी मध्ये हा नवा ए समोरच्या टी शी घट्ट जुळतो, घडी उलट पक्की होते. जीनोटाइप ए मध्ये मात्र समोर सी असल्यामुळे जोडी मोडते आणि विषाणूचं नुकसान होतं. म्हणून हे म्युटेशन डी मध्ये सहज दिसतं, ए मध्ये क्वचित. ई अँटिजेन निगेटिव्ह आला म्हणजे विषाणू थंडावला, असं डी च्या प्रदेशात बसून कोणी म्हणू नये.

आता जीनोटाइप ओळखण्याचं बेंचवरचं काम. सॅम्पल ईडीटीएच्या ट्यूबमध्ये घ्या. हेपॅरिनची ट्यूब नको, हेपॅरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणारी प्रक्रिया, बंद पाडतं. प्लाझ्मा लवकर वेगळा करा, छोट्या अ‍ॅलिकॉटमध्ये भरून उणे ८० वर ठेवा. एकच ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवली की डीएनए कमी होत जातो. एस जीनचं नेस्टेड, म्हणजे दोन राउंडचं, पीसीआर, जेलवर बँड, मग दोन्ही दिशांनी सिक्वेन्सिंग (अक्षरांचा क्रम वाचणं), जेनबँक या सार्वजनिक डेटाबेसमधल्या सगळ्या जीनोटाइपच्या संदर्भ सिक्वेन्ससोबत अलाइनमेंट आणि १००० बूटस्ट्रॅपचं (१००० वेळा पडताळलेलं) वंशावळीचं झाड. नेस्टेडमध्ये पहिल्या राउंडची ट्यूब उघडली जाते, तिथेच घोळ होतो. वेगळी खोली, वेगळी पिपेट, आणि प्रत्येक खेपेला एक्स्ट्रॅक्शनपासून सोबत चालणारा निगेटिव्ह कंट्रोल. एकाच दिवशी केलेल्या पाच दात्यांचे सिक्वेन्स अक्षरशः एकसारखे निघाले, तर साथ सापडली म्हणून आनंद मानू नका, आधी कंटॅमिनेशन शोधा. क्रोमॅटोग्रॅममध्ये, म्हणजे सिक्वेन्सिंगच्या आलेखात, एका जागी दोन शिखरं दिसली, तर सॉफ्टवेअरने दिलेलं अक्षर तसंच उचलू नका. ते मिश्रण असू शकतं. आणि नुसत्या एस जीनवरून दोन जीनोटाइपची सरमिसळ झालेला विषाणू ओळखता येत नाही, त्यासाठी कोअर किंवा एक्स जीनचा दुसरा तुकडा हवाच.

पण खरी अडचण वेगळी आहे. दाता हा रुग्ण नसतो. धडधाकट, बहुतेक तरुण पुरुष. एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघाला तरी अनेकदा त्याच्या रक्तात विषाणू फार थोडा असतो. हिशेब करून बघू. मिलिलिटरला १० आययू (विषाणू मोजण्याचं आंतरराष्ट्रीय एकक), म्हणजे विषाणूच्या साधारण ५० कॉपी. आपण २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा घेतो, त्यात १० कॉपी. सगळा डीएनए हाती लागला असं धरलं तरी तो ५० मायक्रोलिटरमध्ये उतरतो, आणि रिअ‍ॅक्शनमध्ये आपण घालतो ५. म्हणजे सरासरी एक कॉपी! अशा वेळी सुमारे ३७ टक्के ट्यूबमध्ये एकही कॉपी जात नाही. मशीन बरोबर, माणूस बरोबर, तरी बँड नाही.

मग शोधनिबंधात लिहिलं जातं, "अमुक इतक्या सॅम्पलमध्ये जीनोटाइपिंग झाले" आणि टक्केवारी तेवढ्यांचीच काढली जाते. न उतरलेली सॅम्पल्स, म्हणजे ज्यांचा जीनोटाइप मिळालाच नाही ती, काही चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. ज्या जीनोटाइपमध्ये ई अँटिजेन जास्त वर्षं टिकतं आणि विषाणू भरपूर असतो, उदाहरणार्थ सी, तो सहज उतरतो. जिथे विषाणू कमी, तो गळतो. शिवाय प्राइमरच्या, म्हणजे पीसीआर सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्याच्या, ३' टोकाची शेवटची दोन-तीन अक्षरं एखाद्या जीनोटाइपशी जुळत नसतील, तर तोच प्रकार दरवेळी हरवेल. म्हणून न उतरलेल्यांची संख्या आणि त्यांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तक्त्यात आलाच पाहिजे. तो रकाना नसलेला तक्ता मी अर्धाच मानतो.

याच्याही पलीकडे आहेत ते एचबीएसएजी निगेटिव्ह पण डीएनए असलेले दाते, म्हणजे ऑकल्ट (लपलेला) संसर्ग. व्हायरल लोड सहसा २०० आययूच्या खाली. काहींमध्ये कारण वेष्टणातच असतं: अमिनो आम्ल १२४ ते १४७ या भागाला अँटिबॉडी चिकटते, आणि १४५ वर ग्लायसिनऐवजी आर्जिनिन आलं की त्याचा आकार बदलतो. एकाच मोनोक्लोनल अँटिबॉडीवर बेतलेलं किट तिथे फसू शकतं. किट घेताना नुसती संवेदनशीलता विचारू नका, म्युटंट पॅनलवर तपासलंय का, तेही विचारा.

नॅट, म्हणजे विषाणूचा डीएनए थेट शोधणारी तपासणी, केली तर विंडो पीरियड (संसर्ग होऊनही तपासणीत न दिसण्याचा काळ) साधारण पाच-सहा आठवड्यांवरून तीनेक आठवड्यांवर येतो, पण आपल्याकडे ती सक्तीची नाही. सहा सॅम्पल्सचा पूल केला की प्रत्येक सॅम्पल सहापट पातळ होतं, आणि ऑकल्टवाले नेमके तिथेच निसटतात. अँटि-एचबीसी, म्हणजे विषाणूच्या कोअर प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी, सगळ्यांची करावी तर आपल्याकडे जुना संसर्ग होऊन गेलेले दाते इतके आहेत की पिशव्यांचा तुटवडा होईल. अमेरिकेला ते परवडलं, आपल्याला त्याच पद्धतीने परवडणार नाही.

एक चिठ्ठी आली आहे: "लस ए जीनोटाइपची आणि विषाणू डी, मग लस चालते का?" चालते. प्रचलित लसींमधलं प्रथिन बहुतेक ए२ चं असलं तरी १२४ ते १४७ हा मुख्य भाग सगळ्या प्रकारांत बराचसा सामाईक आहे. तेव्हा रिअ‍ॅक्टिव्ह दात्याला बोलावून पुन्हा तपासणी करा, खात्री झाली की कायमचं बाद करा, यकृताच्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि घरातल्यांची तपासणी करून ज्यांना संसर्ग नाही त्यांना शून्य, एक आणि सहा महिन्यांनी लस द्यायला सांगा. जीनोटाइपच्या रिपोर्टसाठी हे काम अडवून ठेवू नका.