श्रावण वद्य चतुर्दशी : इंदूरच्या घरातली तिथी

इंदूरमधल्या मराठी घरात भिंतीवर कालनिर्णय असतं. शेजारच्या हिंदी घरात जबलपूरचं लाला रामस्वरूप पंचांग. देवी अहिल्याबाईंची पुण्यतिथी दोन्हींत काढून पाहा. आपल्याकडे ती श्रावण वद्य चतुर्दशी. शेजारच्या काकू म्हणतात, भादों बदी चौदस. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षात महिन्याची नावं वेगळी पडतात. दिवस एकच.

१३ ऑगस्ट १७९५. महेश्वरच्या वाड्यात, सत्तरी गाठलेल्या देवींनी देह ठेवला, तो याच तिथीला.

जयंती ३१ मेची. तारखेनं येते, भाषणं होतात. २०२५ साली त्रिशताब्दीच्या निमित्तानं राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक आमच्या राजवाड्यात भरली. मोठा मान होता तो. पण इंदूर जिव्हाळ्यानं पाळतं ती पुण्यतिथी, आणि ती तिथीनंच. कधी ऑगस्टच्या अखेरीस येते, कधी सप्टेंबर उजाडतो. घरातल्या गेलेल्या माणसाचं आपण असंच करतो ना? पंचांग बघतो, तारीख नाही.

त्या दिवशी पालखी निघते. नऊवारी नेसलेल्या बायका पुढे चालतात, आणि राजवाड्यासमोरच्या पुतळ्याला इतके हार पडतात की हातातली पिंड फुलांत दिसेनाशी होते.

खरं तर इंदूर ही त्यांची राजधानी नव्हती. १७६७ पासून २८ वर्षं त्यांनी कारभार केला तो महेश्वरातून. होळकरांची राजधानी इंदुरात आली १८१८ मध्ये, त्यांच्या पश्चात. म्हणून हा दिवस समजून घ्यायला महेश्वरला जावं. तिथं आजही रोज सकाळी ब्राह्मण मातीची इवलीशी शिवलिंगं वळतात. चिमूटभर ओली माती, बोटांचा एक वळसा, की लिंग तयार. पाटावर ओळीनं मांडायची, पूजा करायची, आणि नर्मदेत सोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी माती. देवींनी घालून दिलेला हा क्रम अजून चालू आहे.

काशी विश्वनाथापर्यंत त्यांनी बांधलेलं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी काय काय सोसलं, ते मात्र आपण भरभर सांगून टाकतो. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव. पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. आणि १७९१ मध्ये जावई वारले, तेव्हा मुलगी मुक्ताबाई सती गेली. पुढची चार वर्षं ही आई कारभार पाहत राहिली, आणि तिच्यामागे तिचं एकही लेकरू उरलं नव्हतं.

आता पंचांगाचं पान पुन्हा पाहा. चतुर्दशीच्या पुढच्या चौकटीत काय आहे? पिठोरी अमावास्या. पोळा, आणि आईचा दिवस.

चतुर्दशीला रात्री पालखीहून परतलं, की आमच्या घरांत मातीचे बैल पाटावर मांडून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पिठोरीची पूजा होते. आई पाठमोरी बसते, खीर-पुरीचं वाण डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, ‘अतिथी कोण?’

मागून लेकरू म्हणतं, ‘मी.’