उठून बसता येते म्हणजे कामावर जाता येते काय?

(फोंडा परिसरातील एका वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, किंचित संपादन करून.)

अध्यक्ष महाशय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या पावसातून आलेल्या श्रोतेहो,

पत्रकावर माझ्या नावाखाली ‘आज कामावर जावे की नाही हे ठरवण्याच्या पाच कसोट्या’ असे छापलेले आहे. त्या पाचही मी सांगणार आहे. पण त्यांची गरज का पडते हे आधी सांगितल्यावाचून माझ्याने पुढे जाववणार नाही. माझी सारी नोकरी पणजीतल्या सरकारी कार्यालयांच्या आस्थापना शाखेत गेली. लोकांचे आजार डॉक्टरांच्या खालोखाल कुणाला ठाऊक असतील तर ते या शाखेतल्या माणसाला. डॉक्टर रोग्याला तपासतो आणि आम्ही त्याच्या अर्जाला तपासतो, एवढाच काय तो फरक.

हे अर्ज वाचता वाचता माझे एक मत पक्के झाले आहे. अंग मोडून आलेले असते, घसा खवखवत असतो, आणि अशा सकाळी माणूस अंथरुणातच स्वतःला एक प्रश्न विचारतो: मला उठून जाता येईल का? उत्तर ‘येईल’ असे आले की तो आंघोळ उरकून बस पकडतो. माझे म्हणणे असे की हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. आपल्यामुळे दुसऱ्या कुणाला लागण होईल का, हा पहिला, आणि आपल्या हातून आज काम धड होईल का, हा दुसरा. हे दोन प्रश्न विचारायला माणूस मोकळा राहावा म्हणून आजारपणाचे पहिले दोन दिवस त्याच्या नुसत्या शब्दावर मंजूर व्हावेत, असे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो. तेव्हा कुणी ऐकले नाही. आज आपण कर्तव्य म्हणून बसलेले आहात, तेव्हा ऐकून घ्या.

एका कार्यालयात (त्याचे नाव सांगत नाही, कारण तिथली दोन माणसे मला दुसऱ्या रांगेत दिसत आहेत) आमचे एक वरिष्ठ होते. माणूस सज्जन, कामाला वाघ, आणि आजवर आजारपणाची रजा घेतली नाही याचा त्यांना भारी अभिमान. एका श्रावणात त्यांचे डोळे आले. पापण्या सुजलेल्या, कडांना चिपडे धरलेली, डोळ्यांतून सारखे पाणी. तरी काळा चष्मा लावून साहेब दहा मिनिटे आधी हजर. आलेल्या डोळ्यांकडे बघितले की आपलेही डोळे येतात, अशी आमच्याकडे समजूत आहे, त्यामुळे शाखेतले सगळेजण त्यांच्याशी बोलताना पंख्याकडे बघत होते. प्रत्यक्षात हा रोग नजरेने पसरत नाही, हाताने पसरतो. आणि हात सगळ्यांचे कुठे पडत होते? हजेरीपटापाशी. तिथे एक बॉलपेन टेबलाच्या खिळ्याला काळ्या दोऱ्याने बांधलेले असे. त्याचे टोपण केव्हाच हरवलेले आणि मागचे टोक कुणीतरी विचारमग्न अवस्थेत चावून चपटे केलेले. साहेब रुमालाने डोळे टिपत, त्याच हाताने ते पेन उचलत, सही करत आणि मग उशिरा आलेल्यांच्या नावापुढे लाल शाईची खूण करायची म्हणून हजेरीपटाचे पानही तोच हात फिरवून सपाट करत. आठवडा संपायच्या आत आवक-जावकचा कारकून गेला, मग टंकलेखिका, मग शिपाई आणि मग मी. शिपायाच्या घरी दोन लहान मुले होती, त्यांचेही डोळे आले. स्वतःची रजा वाचवायला निघालेल्या एका गृहस्थाने शाखेची किती रजा खर्ची घातली, याचा हिशेब कुणी मांडला नाही, कारण तसा रकानाच नोंदवहीत नसतो.

पुढे ते निवृत्त झाले. शाल झाली, श्रीफळ झाले, आणि तीन वक्त्यांनी पाठोपाठ सांगितले की साहेबांनी उभ्या नोकरीत एकदाही आजारी रजा घेतली नाही. दर वेळी टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मी व्यासपीठावर बसलो होतो, दुसरे काय करणार? पण शाळेत शंभर टक्के हजेरीचे बक्षीस आपण ज्या कौतुकाने देतो, तेच कौतुक पुढे कार्यालयात येते, आणि तापाने फणफणलेले मूल पेपर बुडू नये म्हणून वर्गात बसते तेव्हाच या सगळ्याला सुरुवात झालेली असते, असे मला तिथे बसल्या बसल्या वाटत होते.

आता कागदाकडे वळतो. गोवा सरकारच्या नोकरांना केंद्राचे १९७२ सालचे रजा नियम लागू आहेत. त्यात वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते आणि वैद्यकीय दाखला जोडला की ती पूर्ण पगाराची करून मिळते. मात्र एक दिवस घेतला की खात्यातून दोन दिवस वजा होतात. त्याच नियमांत असेही लिहिलेले आहे की दाखला जोडला एवढ्यावरून रजेचा हक्क सांगता येत नाही. शिवाय दाखल्यावर रजा घेतलेल्या माणसाला तंदुरुस्तीचा दाखला दिल्याखेरीज कामावर रुजू होता येत नाही. म्हणजे आजारी पडायला एक कागद आणि बरे व्हायला दुसरा! नैमित्तिक रजा, जिला आपण सगळे सीएल म्हणतो, ती तापात वापरावी म्हटले तर ती चवथीसाठी, शिगम्यासाठी आणि गावच्या जत्रेसाठी राखून ठेवलेली असते, आणि त्यात काही चूक आहे असे मला वाटत नाही.

त्या पहिल्या कागदासाठी काय करावे लागते ते बघा. अंगात ताप, डोके ठणकते आहे, पेजेचे दोन घोट तेवढे पोटात गेलेले आहेत, अशा स्थितीत माणसाने छत्री घेऊन बसथांब्यावर जायचे, गर्दीच्या बसमध्ये उभे राहायचे, आरोग्य केंद्राच्या बाकावर एका बाजूला गरोदर बाई आणि दुसऱ्या बाजूला दम्याचे आजोबा यांच्यामध्ये तासभर खोकत बसायचे. आत गेल्यावर डॉक्टर विचारतात, ‘केव्हापासून?’ तो म्हणतो, ‘काल रात्रीपासून.’ डॉक्टर घसा बघतात, छापील नमुन्यातल्या मोकळ्या जागेत ‘व्हायरल फीवर’ लिहितात, तीन दिवसांची विश्रांती सुचवतात आणि शिक्का मारतात. साध्या विषाणूजन्य तापात डॉक्टरांनी याहून वेगळे काही करायचेही नसते. त्यांच्या हातात पुरावा म्हणून मुख्यतः रोग्याचे सांगणेच असते. कार्यालयाला माणसाचा शब्द चालत नाही, पण तोच शब्द शिक्का मारून आला की चालतो. आणि लबाडी अडते म्हणावे, तर चवथीनंतरच्या आठवड्यात जुलाबाच्या दाखल्यांचा असा लोंढा येई की तालुक्यात पटकीची साथ आली की काय असे वाटावे. ज्याला लबाडी करायची आहे तो धडधाकट असतो, त्यामुळे तो दाखला आणायला सहज जाऊ शकतो. अडतो तो, ज्याला खरोखरच उठवत नाही.

बाहेरचे दाखले देण्याची मला हौस नाही, तरी दोन देतो. ब्रिटनमध्ये आजारपणाचे पहिले सात दिवस कामगार स्वतःच लिहून देतो, त्यानंतर वैद्यकीय कागद लागतो. जर्मनीत सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या पुढे आजार गेला तर दाखला मागतात. दोन्ही देशांत कारखाने चालू आहेत.

आपल्याकडे कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआयमध्ये) येतो. अटी पुऱ्या केल्या तर आजारपणात त्याला मजुरीच्या ७० टक्के भरपाई वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. योजना चांगलीच आहे. पण आजाराच्या नव्या फेरीचे पहिले दोन दिवस कोरडे जातात, भरपाई तिसऱ्या दिवसापासून सुरू होते. इकडे फ्लूचा रोगी लक्षणे दिसायच्या आदल्या दिवसापासूनच इतरांना लागण करू शकतो आणि पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक करतो. म्हणजे ज्या दिवसांत तो घरी राहायला हवा, नेमक्या त्याच दिवसांत घरी राहण्याचा तोटा त्याच्या खिशाला. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लबाड कामगार होता. विषाणू त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

म्हापशाच्या बाजारात पहाटे मासळी उचलून बसणाऱ्या बाईला, मोटारसायकलवर भाड्याने माणसे नेणाऱ्या पायलटला किंवा रोजंदारीवर बांधकामाला जाणाऱ्याला तर हजेरीपटही नाही आणि रजाही नाही. तिने बर्फावर घातलेला बांगडा तिचा ताप उतरेपर्यंत थांबत नाही. तिला घरी राहा म्हणून उपदेश करण्याचा अधिकार पेन्शन घेणाऱ्या माझ्यासारख्याला नाही, म्हणून मी तो करत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पुढे सरकवली आहे. शेवटची बस पावणेआठला आहे आणि पाचही कसोट्या अजून माझ्या खिशातच आहेत, तेव्हा भराभर सांगतो.

पहिली तापाची. कपाळाला हात लावून ताप कळत नाही, थर्मामीटर लावा. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त निघाला तर घरी राहावे, आणि पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप आला नाही तरच बाहेर पडावे. ‘न घेता’ या शब्दांखाली रेघ ओढा. साडेसातला गोळी घेतली की दहाला माणसाला वाटते आपण बरे झालो, आणि जेवणाच्या सुट्टीत तो पुन्हा फणफणतो. मधल्या वेळात त्याने चार जणांशी हस्तांदोलन केलेले असते. शिवाय आपण निर्णय घेतो सकाळी, आणि शरीराचे तापमान दिवसात सर्वांत कमी पहाटे आणि सकाळीच असते, संध्याकाळी ते चढते. जर्मन वैद्य वुंडरलिख यांनी असंख्य रोग्यांचे तापमान मोजून हे १८६८ सालीच लिहून ठेवले आहे. म्हणून आदल्या संध्याकाळचा आकडा लक्षात घेऊन ठरवावे.

दुसरी पोटाची. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास घरी राहावे. स्वयंपाकाशी ज्याचा संबंध आहे, म्हणजे हॉटेलातला आचारी, पाव भाजणारा पोदेर, शाळांना माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या बचतगटांच्या भगिनी, त्यांनी तर यात एक तासाचीही सूट घेऊ नये, कारण त्यांच्या हातचे शेकडो पोरे जेवतात.

तिसरी कामाची. टेबलावर फाइल चुकली तर दुरुस्त होते. पण सर्दीसाठी क्लोरफेनिरामिनसारखे झोप आणणारे औषध घेऊन चोर्ल्याच्या घाटात बस चालवणे किंवा कारखान्यात प्रेसवर उभे राहणे हे निराळे. ताप नसला तरी अशा माणसाने त्या दिवशी ते काम करू नये. दुसरे बैठे काम मिळाले तर करावे.

चौथी आजूबाजूच्या माणसांची. अंगणवाडी, इस्पितळाचा वॉर्ड, वृद्धाश्रम इथे काम करणाऱ्याची साधी सर्दीसुद्धा साधी नसते. उलट, एकट्याने खोलीत बसून काम करणाऱ्याने नाक वाहते म्हणून घरी बसायचे कारण नाही. मास्क लावावा, हात धुवावेत. ओल्या हवेत बुरशीच्या वासाने येणाऱ्या शिंका संसर्गजन्य नसतात. ताप जाऊन बाकी सगळे ठीक झाल्यावर नुसता खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तेवढ्यासाठी महिनाभर रजा मागणारे अर्ज मी परत पाठवलेले आहेत आणि आजही पाठवीन.

पाचवी पावसाळ्याची, आणि ही वेळ संपत आली तरी सावकाश ऐका. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा माणूस खुशीत कामावर जातो, आणि धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. ताप उतरू लागल्यानंतरचे २४ ते ४८ तास जपायचे असतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण ग्लानी किंवा अस्वस्थता यांपैकी काही दिसले तर थेट इस्पितळ गाठावे. तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये. डेंग्यू शिंकेने पसरत नाही हे खरे, पण तो पसरवणारा डास दिवसा चावतो आणि कार्यालयातल्या कूलरच्या पाण्यात मजेत वाढतो. ताप असलेला माणूस त्याच्या शेजारी नेऊन बसवणे बरे नव्हे.

राहता राहिले कार्यालयाला कळवणे. सकाळी लवकर कळवावे. काय होते आहे ते एका वाक्यात सांगावे आणि बाकीची वाक्ये आज कोणती फाइल अडेल, ती कुणाकडे द्यावी आणि कपाटाची चावी कुठे आहे यावर खर्च करावीत; साहेबांना तेवढेच हवे असते. आवाज मुद्दाम बसवून, कण्हत-कुंथत फोन करण्याची काही एक गरज नाही. तो आवाज आस्थापना शाखा पहिल्या ‘हॅलो’लाच ओळखते.