चुलवाणावरची हवा

श्रोतेहो, नमस्कार. संकेश्वर-निपाणीकडं गुऱ्हाळावर काकवी खायला गेला असाल, तर हे बघितलं असेलच. चुलवाणाच्या जाळावरून पलीकडं नजर टाकली की तिकडं उभा असलेला गुळव्या लवलवताना दिसतो. गुळव्या जागेवरच असतो, हलते ती मधली हवा. गरम-गार थरांतून येताना उजेड वाकतो. तारे लुकलुकतात तेही ह्यामुळंच.

आता मोठ्या दुर्बिणीचं दुखणं ऐका. हवाई बेटावर मौना केआ हा सुमारे 4200 मीटर उंचीचा डोंगर आहे. तिथं केक नावाच्या वेधशाळेच्या दोन दुर्बिणी आहेत, प्रत्येकीचा आरसा 10 मीटरचा, 36 षटकोनी तुकडे जोडून केलेला. उजेड गोळा होतो ढीगभर, पण हवा चुकवली नाही तर बारकावे मात्र वीतभर आरशाच्या दुर्बिणीइतकेच दिसतात. डोंगर चढला की खालची दाट हवा टळते, सगळी नाही.

उपाय खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी 1953 मध्येच सुचवला होता. हवेनं प्रकाशाची लाट जशी चुरगाळली, तसाच आरसा उलट बाजूनं चुरगाळायचा! मला ही कल्पना भारी खट्याळ वाटते. मोठा आरसा गुळगुळीत करायला कारागिरांनी वर्षं घालवायची, आणि वर त्याच्या जोडीला मुद्दाम वाकडा होणारा आरसा बसवायचा. पण वेगवान कॉम्प्युटर येईपर्यंत ते जमलं नाही. कारण हवेची खोडी सेकंदाला शेकडो वेळा मोजावी लागते आणि पातळ आरशामागच्या दट्ट्यांनी तो तितक्याच वेळा वाकवावा लागतो. चिलीत पारानालच्या एका 8.2 मीटर दुर्बिणीत असे 1170 दट्टे आहेत.

मोजायला मात्र जवळपास ठळक तारा हवा. नसला तर? तर तयार करायचा! पिवळा लेसर वर सोडतात. सुमारे 90 किलोमीटरवर, जळून गेलेल्या उल्कांनी मागं ठेवलेला सोडियमचा विरळ थर आहे, तो उजळतो. रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळेपणा आठवा, तसाच.

ह्या युक्तीमुळं आकाशगंगेच्या मध्याशी गर्दी करणारे तारे सुटे सुटे दिसले. त्यांतला एक 16 वर्षांत फेरी पुरी करतो. कशाभोवती, ते दिसत नाही, पण वजन निघालं सूर्याच्या 40 लाख पट. आंद्रेया गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल यांना 2020 चं नोबेल मिळालं ते ह्यासाठीच.

अडचण अजून आहेच. ही दुरुस्ती आकाशाच्या चिमूटभर तुकड्यापुरतीच नीट लागते.

आणि एक. 30 मीटरच्या नियोजित दुर्बिणीला आरशाचे 492 तुकडे लागणार आहेत. त्यांतले काही घासायची सोय आपल्याच कर्नाटकात केलीय, होसकोटेला. बेळगावात रात्रीची गाडी धरा, सकाळी बेंगळूर, की पुढं थोडंच.