ड्रेसिंग करताना काय बोलायचं?

(दृश्य : नर्सिंगचा प्रात्यक्षिक वर्ग. कॉटवर पेशंट झालेली एक विद्यार्थिनी, शेजारी ड्रेसिंगचा ट्रे घेतलेल्या सिस्टर.)

निवेदन :

स्वतःला इजा करून घेतलेली १४ वर्षांची मुलगी रुग्णालयात आणली जाते. डॉक्टर तपासतात, केस पेपर होतो, एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद होते आणि डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतात. सिस्टर मात्र तिथेच असतात. ड्रेसिंग त्यांच्याकडे, सलाईन त्यांच्याकडे, आणि रात्री दोन वाजता ती जागी असते तेव्हा वॉर्डातही त्याच. या मुलीशी बोलायचं कसं, हे त्यांना बहुतेक वेळा कुणी शिकवलेलंच नसतं.

पुण्यात नर्सिंग शिकणारे अनेक जण मनोविकारांच्या पोस्टिंगसाठी येरवड्याच्या मनोरुग्णालयात जातात. तिथे प्रामुख्याने मोठी माणसं भेटतात. ही शाळकरी मुलगी येते कॅज्युअल्टीत, तिथून मुलांच्या वॉर्डात. तेही वय बसलं तर. बऱ्याच रुग्णालयांत १२ वर्षं उलटली की मोठ्यांचाच वॉर्ड मिळतो.

(दृश्य : सिस्टर पहिलं वाक्य बोलून पाहतात. थांबतात. पुन्हा सुरुवात करतात.)

“असं का केलंस? आईवडिलांचा तरी विचार करायचा!” हे बरेचदा काळजीपोटीच तोंडून निघतं, पण तिला त्यात फक्त ठपका ऐकू येतो. आणि कॉटपासून चार पावलांवर कुणी म्हटलेलं “नाटकं आहेत सगळी” तर नक्कीच ऐकू येतं. वर्गात त्याऐवजी साधी वाक्यं घोटून घेता येतात : “आज रात्री मी ड्युटीवर आहे. आता ड्रेसिंग करते. दुखलं तर सांग, मी थांबेन.”

‘दुखलं तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. “स्वतः करून घेताना नाही दुखलं?” असं म्हणून या मुलांच्या वेदनेकडे काणाडोळा होतो, हे मला फार क्रूर वाटतं. टाके घालताना भूल, नंतर वेदनाशामक औषध, हे इतर कुठल्याही मुलाइतकंच तिच्या हक्काचं आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न पुढे आहे : “जगूच नये असं वाटतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती सर्रास असते. संशोधनातून तसं दिसलेलं नाही. स्वतःला इजा करणाऱ्या अनेक मुलांना मरायचं नसतं, असह्य झालेलं काहीतरी थोपवायचं असतं. तरीही त्यांच्या बाबतीत पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, म्हणून विचारावंच लागतं. आणि “कुणाला सांगणार नाही” असं वचन मात्र द्यायचं नाही. तिने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. हे तिला आधीच, सौम्य शब्दांत सांगावं.

वॉर्डाबाहेर नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, “सिस्टर, पोलीस केस होईल का हो?” २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम सिस्टरना माहीत असलं, तर त्या धीर देऊ शकतात : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं कायदा गृहीत धरतो, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाने मुलांच्या वॉर्डातल्या परिचारिकांसाठी असंच ऑनलाइन प्रशिक्षण तयार केलं, तेव्हा या अनुभवातून गेलेल्या तरुण मुलामुलींनाच सोबत घेतलं. पुण्यातही अभ्यासक्रम ठरवताना या मुलांना विचारायला हवं.

आणि सिस्टरचं काय? तिच्याही घरी याच वयाची लेक असते. अशी रात्र काढल्यावर दहा मिनिटं कुणाशी बोलण्याची सोय ड्युटीच्या वेळेतच हवी.

(दृश्य : डिस्चार्जची तयारी. सिस्टर आणि आई.)

घरी पाठवताना आईवडिलांना दोन गोष्टी सांगायच्या : औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, आणि फॉलो-अपची तारीख चुकवू नका. मुलीच्या कार्डावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लिहून द्यायचा, १४४१६. दिवसरात्र चालू, मोफत, मराठीतून बोलता येतं.