बर्फ नसला तरी

(मनमाडच्या अलीकडे, धावत्या गाडीच्या खिडकीतून)

तो बघा सुळका. गडकोट हिंडणारे त्याला हडबीची शेंडी म्हणतात. गाडीतली पोरं मात्र खिडकीला नाक लावून ओरडतात, "थम्स अप!" डोंगर लाखो वर्षांचा आणि हे नाव 1977 नंतरचं. एका कोल्ड्रिंकनं डोंगराचं दुसरं बारसं केलं, इतकी ही बाटली आपल्यात मुरली आहे.

1977 साली दिल्लीत जनता पक्षाचं सरकार आलं. परदेशी कंपन्यांनी इथला आपला हिस्सा 40 टक्क्यांवर आणावा, असं 1973 चा फेरा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा सांगत होता. कोका-कोलाला हिस्सा सोडायचा नव्हता, पेयाचं गुपितही कुणाला द्यायचं नव्हतं. उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस बधले नाहीत. कंपनीनं गाशा गुंडाळला. सरकारनं 'डबल सेव्हन' नावाचा स्वतःचा कोला आणला, पण त्यानं बाळसं धरलं नाही.

आपली गोष्ट खरी सुरू होते ती पार्लेपासून. विलेपार्ल्याचं नाव लावणारी ही कंपनी. गोल्ड स्पॉट आणि लिम्का तिच्याकडे होतेच. आता कोलाची जागा मोकळी झाली होती, पण हातात कुणाचंही सूत्र नव्हतं. पार्लेच्या रमेश आणि प्रकाश चौहान या भावांनी कोऱ्या पाटीवर थम्स अपची सुरुवात केली.

(खलबत्ता, अगदी जवळून)

दालचिनी. वेलदोडा. जायफळ. कोला जमवताना त्यांनी हे असले जिन्नस घालून पाहिले. जायफळ-वेलदोड्याचा वास म्हणजे आपल्याला पुरण आठवणार! तोच मसाला इथे काळ्या, झणझणीत पाण्यात उतरला. म्हणून हा कोला कुणाची नक्कल वाटला नाही. तो जास्त तिखट होता, जास्त उग्र होता.

आणखी एक अट होती, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. बाटली बर्फासारखी थंड नसली तरी पेय फसफसलं पाहिजे. गॅस थंड पाण्यात चांगला विरघळून राहतो. पाणी कोमट झालं, की बूच निघताच तो भसकन निसटतो आणि उरतं नुसतं गोड पाणी. आता टपरी डोळ्यांसमोर आणा. फ्रीज नाही. पेटीत बर्फाची लादी, तीही दुपारपर्यंत अर्धी झालेली. त्या टपरीवाल्याचा आणि उन्हातून आलेल्या त्याच्या गिऱ्हाइकाचा विचार पेय बनवतानाच झाला होता.

हे बूच बघा. कडेचे दात मोजा, 21 भरतील. ओपनरची चोच खाली शिरते, दोन दात वाकतात, आणि...

(आवाज. निवेदन थांबेल.)

नाकात झिणझिण्या आल्याच पाहिजेत.

नावातही चौहानांनी एक मेख मारली. इंग्रजी 'थम्ब'मधला 'बी' गाळून टाकला, म्हणजे ते नाव दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं. उच्चारात तो 'बी' नव्हताच, त्यामुळे आपल्याला देवनागरीत काही चुकल्यासारखं वाटत नाही. शेजारी लाल अंगठा. अक्षरओळख नसलेल्यालाही बाटली ओळखता यायची.

1990 मध्ये पेप्सी आली. थम्स अपनं 250 मिलिलिटरची बाटली 300 ची केली आणि तिला नाव दिलं 'महाकोला'. 1993 मध्ये कोका-कोला परतली आणि पार्लेनं थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट तिलाच विकले. गोल्ड स्पॉट पुढे बाजारातून गेला.

थम्स अप राहिला. 2021 मध्ये त्याची वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचं खुद्द कोका-कोलानं जाहीर केलं. मालक अमेरिकेतल्या अटलांटाचा, पण चव चौहान बंधूंनी लावलेली.

(पुन्हा मनमाड. खिडकीच्या कडेवर काचेची बाटली, लाल अंगठा बाहेरच्या बाजूला. मागून सुळका सरकत येतो आणि दोन्ही अंगठे एका रेषेत येतात. गाडीचा आवाज तसाच ठेवा.)