पडशाला सुई नको

(दृश्य: पहाट. केळीची बाग, धुकं, बॅटरीचा उजेड.)

जानेवारी. जळगाव जिल्हा, रावेर तालुका. शेतीची लाईट रात्रीची असली की ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला रात्रीच बागेत जावं लागतं. कानाला मफलर, अंगावर दव. घरी परतल्यावर पहिली शिंक. "गारठा बाधला," असं सगळेच म्हणतात. गारठा असतोच, पण पडसं देतो तो विषाणू, आणि तो बहुतेक वेळा घरातूनच किंवा शाळेतून आलेला असतो.

(दृश्य: जिल्हा परिषद शाळा. मुलाचा हात, जवळून.)

या हाताकडे बघा. नाक पुसलं. पेन्सिल धरली. तीच पेन्सिल शेजारच्या मुलीनं मागून घेतली. तिनं डोळा चोळला. झालं, एवढंच पुरतं.

पडसं देणारे विषाणू दोनशेहून जास्त. त्यातला सगळ्यात मोठा गोतावळा रायनोव्हायरसचा, त्याचेच दीडशेहून अधिक प्रकार. एकाशी शरीराची ओळख होते, तोवर दुसरा दारात. म्हणून मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा, तर लहान मुलाला सहा-आठ वेळाही पडसं होतं. नाकाच्या आत 33 अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि रायनोव्हायरसला तेच मानवतं. शिरल्यावर एक ते तीन दिवसांत घसा खवखवतो, मग नाक पाण्यासारखं वाहतं, मग चोंदतं. ही सूज, हा शेंबूड आपलं शरीरच तयार करतं, लढता लढता. शेंबूड पिवळा-हिरवा झाला की घरचे घाबरतात. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. नुसत्या रंगावरून औषध बदलायचं कारण नाही.

(दृश्य: चूल. पातेल्यातली वाफ.)

आजीनं गवती चहाच्या पातीला गाठ मारली आणि उकळत्या पाण्यात सोडली. सुंठ ठेचली, दोन मिरे, तुळशीची पानं, शेवटी गुळाचा खडा. या काढ्यानं विषाणू मरत नाही. पण गरम घोट घशाखाली उतरला की बरं वाटतं, पाणी पोटात जातं, आणि आजी जवळ बसते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात. खोकल्याला चमचाभर मध द्यावा, मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नाही. तान्ह्याचं नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे, सलाइनचे थेंब. वाफेचं पातेलं मुलांपासून लांब ठेवा, ते कलंडलं की पोळतं.

आणि केळी! जिथून ट्रक भरभरून केळी देशभर जाते, त्याच घरात सर्दी झालेल्या पोराच्या हातातलं केळं काढून घेतात. केळ्यानं सर्दी होत नाही. खाऊ द्या त्याला.

(दृश्य: अमळनेर तालुका. बाजाराचा दिवस. दवाखान्याबाहेरचा बाक.)

"डाक्टर, सुई टोची द्या. सकाय कापूस येचाले जानं शे."

मजुरी बुडते, म्हणून ही घाई. ती खोटी नाही. पण सर्दी सुई घेऊनही सात ते दहा दिवसांत उतरते, न घेताही तितक्याच दिवसांत. विश्रांती, पाणी आणि ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, एवढंच लागतं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. 2014 पासून अनेक अँटिबायोटिक अनुसूची एच-1 मध्ये आहेत. ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, दुकानदारानं वहीत नोंद ठेवायची. आणि हे बघा: कात्रीनं पट्टी कापली, चार गोळ्या पुडीत. सर्दीच्या औषधांतलं क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सांगितलंय. बाटलीवर ती ओळ शोधा. उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकनं जिवाणू निर्ढावतात, आणि खऱ्या न्यूमोनियाला तेच औषध लागू पडत नाही.

(दृश्य: आशाताई. हातात घड्याळ, समोर दोन वर्षांचं मूल.)

पोट उडतंय, इकडे ज्याला डबा म्हणतात, तो न्यूमोनिया असा ओळखायचा. मूल शांत असताना श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत असेल तर 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, किंवा छातीखाली खड्डा पडत असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, तर तडक दवाखाना.

ताईंनी झबलं वर केलंय. ओठ हलताहेत, आवाज नाही.

एक मिनिट.

"36."

(आई झबलं खाली करते.)